बोलता यावं, गाता येऊ नये

तीर्थस्वरूप मामांस,

कंबर जेवढी वाकते तेवढ्यावरच भागवलेला भाचीचा नमस्कार. तुमची प्रकृती ठणठणीत असणारच (तुम्ही स्वतः तसं सांगता आणि मामी मागून उसासा टाकते. तिचं म्हणणं, तुम्ही हल्ली जिन्यात मध्येच बसता आणि विचारलं की वर्तमानपत्र वाचतोय म्हणता). माझी मात्र विचारू नका. व्यायामशास्त्राच्या पदवीला आले आणि जन्मात पहिल्यांदा अंथरुणाला खिळले.

सगळ्यांना वाटतं, इथे चार उड्या मारायच्या आणि पदवी घेऊन घरी जायचं. मलाही तेच वाटलं होतं. प्रत्यक्षात दिवस जातो स्नायूंची नावं घोकण्यात, आणि ज्यांची नावं पाठ होतात ते कधी दुखत नाहीत, दुखतात ते भलतेच. त्यात यंदा प्रात्यक्षिक आलं. प्रत्येकाने बाहेरचा एक सुस्त माणूस धरून आणायचा, सत्रभर त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचा आणि शेवटी तो सुधारलेला दाखवायचा. नाही सुधारला तर आम्ही नापास आणि सुस्त माणूस मोकळा. काय हा न्याय!

मी आमचे घरमालक निवडले. पोट पाहून निवडले, दुसरं काय पाहणार? ते दारात आले की आधी पोट आत येतं, मग चष्मा, मग ते. मला वाटलं, घबाड मिळालं. आम्हाला वर्गात एक साधी कसोटी शिकवतात: चालताना माणसाला बोलता यावं, पण गाता येऊ नये, म्हणजे वेग बरोबर. गाता आलं तर वेग वाढवा, बोलताही येईना तर थांबवा. पहिल्याच दिवशी त्यांना नदीकाठच्या रस्त्याने चालवलं आणि म्हटलं, गाऊन दाखवा. गायले. वेग वाढवला, तरी गायले, वर तानही घेतली. चढ लागला, तिथे तर आवाज जास्तच खुलला. (हा गृहस्थ जन्मभर जुन्या सामानाचे लिलाव पुकारत होता, हे मला आधी कुणी सांगायला नको?) मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वेग वाढवत गेले आणि पुलापाशी माझ्याच डोळ्यांपुढे काजवे चमकले. थांबा म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. ते बापडे गात गात पुढे गेले, वळून पाहतात तर मी कठड्याला लटकलेली. शेवटी भाजीवाल्याच्या हातगाडीवर, कोबीच्या शेजारी बसून मी घरी आले. गाडी घरमालकांनी ढकलली, तीही गातच.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, नेमके आमचे सर समोरून सायकलवर आले. दुसऱ्या दिवशी भर वर्गात त्यांनी विचारलं, "तुमच्या दोघांत विद्यार्थी कोण?" घरमालक बाद झाले, कारण म्हणे या माणसात सुधारायला जागाच नाही. मामा, मी रडले हो. कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल तोंडावर घेऊन रडले. आता कोणत्या तोंडाने घरी येऊ? आई आधीच म्हणते, पळायला काय शिकायचं असतं, कुत्रं मागे लागलं की आपोआप येतं. तिचंच खरं होणार असं दिसतंय.

मामीला नमस्कार. तुमच्या धाकट्याला माझी फजिती सांगू नका, तो गावभर करेल.

तुमची,
सर्व बाजूंनी दमलेली भाची

ता. क. सुधारायला भरपूर जागा असलेला माणूस म्हटल्यावर अख्ख्या खानदानात तुमच्याशिवाय दुसरं नाव सुचेना. सत्र संपेपर्यंत इकडे राहायला या. नाही आलात तर मी नापास, आणि पाप तुमच्या माथी.

ता. क. दुसरा. वरचं खोटं आहे. सरांनी मला दुसरं माणूस केव्हाच दिलं, ग्रंथालयातल्या बाई. त्या जरा चाललं की गप्प होतात, त्यामुळे मी पास होईन. पण परवा फोनवर "काय गं, जेवलीस का" एवढंसं वाक्य तुम्ही मध्ये दोनदा थांबून म्हणालात, आणि तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होतात. मामा, मला फार भीती वाटली. आधी डॉक्टरांना दाखवा, उद्याच, आणि मामीला बरोबर न्या, म्हणजे तिथे थापा मारता येणार नाहीत. ते हो म्हणाले की मग या. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्यात बसावंसं वाटलं तर खुशाल बसा, मीही शेजारी बसेन. कुणी विचारलं तर वर्तमानपत्र वाचतोय म्हणू.