जेवणाच्या पिशवीतली दुसरी डबी

कुरुळी, मंगळवार

ती. दादास,

धाकट्या नवनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही इकडे ठीक, तुम्ही तिकडे ठीक असालच, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. वहिनींचा गुडघा कसा आहे? (काकूकडे आपलं जाणंयेणं नाही, तेव्हा तिची खुशाली विचारत नाही.)

माझ्या पोटाचं तुला अर्धंच ठाऊक आहे. दोन वर्षं रक्त पडतंय ते मूळव्याधीचं नव्हे; मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आहेत. पुण्याच्या डॉक्टर विजयश्री मॅडम यावरच संशोधन करतात, की हा आजार घराण्यातून येतो का, रक्तात त्याची काही खूण सापडते का. कंपनीत मी कुणाला बोललो नव्हतो. कंत्राटी माणूस लाइन सोडून सारखा संडासात पळतो हे कळलं, तर पुढच्या महिन्यात त्याला कोण ठेवील, तूच सांग.

तर मॅडमना सकाळचं शौच हवं होतं, बर्फात ठेवलेलं. शिफ्ट सुटली की त्यांचा माणूस गेटवर घ्यायला येणार. स्वरूपाने डबी बर्फासकट तीन पिशव्यांत बांधून माझ्या जेवणाच्या पिशवीत तळाशी ठेवली. (बायको हुशार आहे, पण जागा बघ कुठली निवडली!) आता आमच्या लाइनची रीत अशी, की जेवणाच्या सुट्टीत कुणाचा डबा कुणाचा राहत नाही. दिसेल ती पिशवी टेबलावर रिकामी होते आणि ज्याचा हात पोचेल तो खातो. मी पिशवी लॉकरमध्ये ठेवायला निघालो आणि नेमकी कळ आली. पिशवी बाकावर टाकून पळालो.

परत येतो तर पिशवी गायब! दादा, पट्टा बांधत तसाच पळालो. कँटीनमध्ये पोचलो तेव्हा आमच्या लाइनवरच्या शेखरने दोन पिशव्या सोडल्या होत्या, तिसरीची गाठ दातात. (दातात, दादा!) स्वरूपावहिनींनी लोणचं लपवलंय म्हणून सगळे खिदळत होते. मी ओरडलो, "अरे ठेव ते! तपासणीचं शौच आहे माझं!"

साठ माणसांनी हातातले घास खाली ठेवले. शेखर तोंड धुवायला गेला तो अजून धुतोय. सुपरवायझर बबनराव उठले. इथलेच जुने जमीनवाले, आवाज असा की मशीन थांबावं. मला वाटलं, संपलं, आता गाशा गुंडाळा. त्यांनी मला बाहेर नेलं, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "रगात पडतं का रं? माझ्या तेजस्विनीलाबी पडतंय. लग्नाची पोर हाय, म्हून कुनाला बोललो न्हाई." डोळे भरले होते राव त्यांचे. मी मॅडमचा नंबर दिला. डबी शिफ्ट सुटेपर्यंत बबनरावांच्याच केबिनच्या फ्रिजमध्ये राहिली, ताकाशेजारी.

तुझा,
नवनाथ

ता. क. मॅडमना सख्ख्या भावाचं रक्त हवंय. रविवारी ये.

आणखी एक. दिवाळीत तू एका जेवणात तीनदा उठलास. तुझ्यामागून मी गेलो, तर संडासात पाणी ओतूनही लाल राहिलं होतं. बघून गप्प बसलो, त्याची लाज वाटते. रक्ताचं निमित्त आहे रे, तू स्वतःला दाखवायला ये. यावर औषध आहे.

शेवटचं. वडिलांचे, आपल्या अण्णांचे, दवाखान्याचे जुने कागद मॅडमनी पाहिले. म्हणाल्या, बहुधा हाच आजार होता. आणि काकूने काही खाऊ घातलं म्हणून अण्णा गेले, असं धरून आपण नऊ वर्षं तिच्या घरचं पाणी प्यायलो नाही. येताना काकूला घेऊन ये. तिचं रक्त लागत नाही. रविवारचा स्वयंपाक मात्र तिच्या हातचा हवा.