मंगला नावाच्या वादळाबद्दल खुलासा

मनामा, बहरीन
४ जून १९९६

ती. मंगलाआत्या यांस,

दत्तप्रसादचा साष्टांग नमस्कार. (एरवी नुसता लिहितो, या वेळी खरोखर घातला आहे. गुहागर इथून साधारण आग्नेयेला, म्हणजे आमच्या फ्रिजच्या बाजूला येतं. फ्रिजसमोर लांब झालो, उठताना कंबर धरली.) तुमचा गुडघा कसा आहे? आमसुलं वाळून डब्यात गेली ना? आम्ही इकडे ठीक आहोत. सुनीताला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आहे आणि मी स्वयंपाक करतो, तेव्हा ठीक या शब्दाचा अर्थ तुम्ही आपल्या परीने लावून घ्या.

ताहिर परवा बकरी ईदच्या रजेवरून दाभोळहून परत आला. तुम्ही त्याला फणसपोळी आणि दोन वेळा चहा दिलात, चष्मा लावून त्याच्यासमोर आमच्या वहीची पानं मोठ्याने वाचलीत आणि तुम्हाला इकडे यायला म्हणून पाठवलेला व्हिसाचा कागद घडी घालून त्याच्या हातात परत ठेवलात, हे त्याने सगळं सांगितलं. ‘दत्तूला सांग, एक मंगला तिकडे येऊन गेली आहे, दुसरीचं काय काम?’ हा निरोपही त्याने जसाच्या तसा पोचवला. सांगताना त्याला हसू येत होतं, पण तुमच्यासमोर आलं नाही म्हणतो. आता माझं म्हणणं ऐकून घ्या. तुम्ही शाळेत शिकवत असताना वर्गाबाहेर काढायच्या आधी पोराला एकदा बोलू द्यायचात, तेवढीच सवलत मागतो.

मआमीरला आमच्या यार्डात तेलाच्या टाक्या बांधायचं काम चालू आहे. मी तिथे टाइमकीपर, ताहिर क्रेनचा फोरमन आणि आमच्या डोक्यावर डीटमार नावाचे जर्मन साहेब. इथे वायव्येकडून वारा सुटतो, त्याला शमाल म्हणतात. सुटला की तोंडासमोर धरलेला हात दिसत नाही आणि चहात साखरेपेक्षा वाळू जास्त होते. क्रेन बंद ठेवावी लागते, आणि काम का थांबलं याचा पुरावा म्हणून प्रत्येक वादळाची नोंद मला वहीत ठेवावी लागते: आलं कधी, गेलं कधी, काय काय मोडलं. आम्ही नंबर घालायचो. पण तिसरं कुठे संपलं आणि चौथं कुठे सुरू झालं यावरून मार्चमध्ये ताहिरची आणि माझी अशी जुंपली, की साहेब केबिनमधून बाहेर आले.

त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे यावर कधीच तोडगा निघाला आहे. बर्लिनच्या विद्यापीठातली मंडळी वादळ घेऊन येणाऱ्या हवेला बायकांची नावं देतात आणि चांगली, कोरडी हवा आणणाऱ्याला पुरुषांची. (हा न्याय कुठला, असं मी विचारलं. तिकडच्या बायकाही तेच विचारतात म्हणाले.) नव्वद साली विब्के नावाचं वादळ आलं आणि साहेबांच्या वडिलांच्या गोठ्याचं छप्पर घेऊन गेलं. वडील अजून सगळा काळ विब्केच्या आधी आणि विब्केच्या नंतर असाच मोजतात. नाव दिलं की माणसं विसरत नाहीत आणि भांडतही नाहीत, असं साहेबांचं म्हणणं. पहिला भाग खरा ठरला.

जर्मन नावं ताहिरला वायरलेसवर उच्चारता येईनात, म्हणून साहेबांनी आमच्याकडची नावं घ्यायला सांगितली. कुणाची तक्रार नको म्हणून एक नाव ताहिरच्या घरचं, एक माझ्या, असं ठरलं. पहिला मान त्याच्या हुस्ना खालाला मिळाला. ते वादळ दोन तासांत ओसरलं. ताहिर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. ‘दत्तूभाई, माझी खाला दोन तासांत दमणारी बाई नाय,’ असं म्हणून त्याने मला वहीत तीन तास लिहायला लावलं. पुढची पाळी माझी. मी तुमचं नाव लिहिलं. मीच लिहिलं, दुसऱ्या कुणाचा त्यात संबंध नाही.

आता ती पानं. सोळा एप्रिल: ‘मंगलाआत्या सकाळी सव्वानऊला आल्या. आल्याबरोबर क्रेन बंद. दुपारी जरा बसल्या, चारला पुन्हा उठल्या.’ सतरा एप्रिल: ‘आत्यांचा मुक्काम वाढला. कँटीनचं छप्पर गेलं.’ अठरा एप्रिल: ‘आत्या संध्याकाळी गेल्या. सगळ्यांनी डोळे धुतले.’ वाळू गेली होती म्हणून धुतले, आत्या. यात तुमच्या स्वभावावर एक अक्षर नाही. आणि नावापुढे नुसतं मंगला लिहिलं असतं, तर तुम्हालाही वाटलं असतं, असेल कुणी दुसरी. पण आत्याचं नुसतं नाव घ्यायला माझा हात धजेना. साहेबांच्या इंग्रजी प्रतीतसुद्धा मी ‘मंगला आंटी’ असं टाइप केलं आहे. मान राखायला गेलो आणि त्यातच सापडलो.

ती कच्ची पानं तुमच्यापर्यंत आली कशी, हा खरा गुन्हा, तो कबूल. गल्फमधला माणूस रजेवर निघाला की त्याच्या बॅगेत त्याचं सामान चार किलो असतं आणि दुसऱ्यांचं सोळा. ताहिर निघायच्या दिवशी यल्ला यल्ला करत दारात उभा आणि मी तुमच्या गुडघ्याच्या तेलाची बाटली गुंडाळायला कागद शोधत होतो. हाताला लागला तो घेतला. बाटली फुटली नाही, एवढंच त्यातलं बरं.

तेव्हा रागावू नका. तुम्ही यायलाच हवं असा माझा मुळीच आग्रह नाही. आम्ही इकडे निभावून नेऊ. फक्त गैरसमज राहू नये, म्हणून हा पसारा.

आपला आज्ञाधारक,
दत्तप्रसाद

ता.क. १ – व्हिसा ३० जूनपर्यंत चालतो. कागद याच पाकिटात पुन्हा घातला आहे, सहज.

ता.क. २ – वहीतलं नाव बदलून द्या म्हणून साहेबांकडे गेलो होतो. पण अहवाल जर्मनीला रवाना झाला आहे. तिकडून फॅक्स आला, की सर्वांत व्यवस्थित नोंद मंगला आंटींची आहे. हे सांगू नये असं वाटत होतं, पण लपवलेलं तुम्हाला कळतंच.

ता.क. ३ – आग्रह नाही असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे. मला भाताशिवाय काही येत नाही आणि भातही येत नाही. या हो आत्या.

ता.क. ४ – आत्या, सुनीताचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून वाचलं. यांनी माझ्यावर येऊ दिलं नाही, पण नाव यांनी नाही सुचवलं. त्या संध्याकाळी हे वही घरी घेऊन आले आणि शेजारच्या काशीबाईंचं नाव घालत होते. मी खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हटलं, हे वादळ कुणाचं ऐकणारं दिसत नाही, याला आत्यांचं नाव द्या. तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. माझे पाय सुजलेत, नववा लागेल आता. यांना सांगत नाही, पण मला फार भीती वाटते आणि माझी आई नाही. राग गेला नसेल तर तशाच या. दारात उभ्या राहून मला बोललात, तरी मला बरं वाटेल.