साथीचा खेळ

माय, काल रविवारी मी दिवसभर खेळत होते. तुझी नात पुण्याहून सुट्टीला आलीय, तिनंच मला ओढून नेलं. परभणीत वसमत रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात पटावरच्या खेळांचं संमेलन भरलं होतं. एरवी जिथं पंगती बसतात तिथं तीसेक टेबलं, त्यांवर पुठ्ठ्याचे पट, पत्ते, लाकडी सोंगट्या. भोवती नांदेड-हिंगोलीहून आलेली पोरंपोरी, आणि माझ्यासारखी केस पिकलेली माणसंही. ज्या टेबलावर जागा दिसेल तिथं जाऊन बसायचं. तुम्ही कोणाचे, कोणत्या गावचे, हे कुणी विचारत नाही. सकाळी मी रेल्वेमार्ग जोडायचा एक खेळ खेळले, मग फरशा जुळवून गावं आणि शेतं उभी करायचा दुसरा. त्यात तर चक्क जिंकले. लेक म्हणाली, आई, तू एवढी हसतेस हे मला माहीतच नव्हतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढाल्या माणसांला कामं न्हाईत का. पण दाराशी उभी राहून बघितलंही असतंस.

जेवण झाल्यावर लेक मला कोपऱ्यातल्या एका टेबलाकडे घेऊन गेली. तो खेळ नांदेडच्या एका जोडप्यानं स्वतः बनवलेला होता. त्यात एकमेकांविरुद्ध खेळायचं नसतं. सगळे खेळणारे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला रोगाची साथ. पटावर एक तालुका काढलेला, मधून नदी, काठाकाठानं बारा गावं. दर पाळीला एक पत्ता उलटायचा, त्यावर ज्या गावाचं नाव येईल तिथं पिवळा मणी ठेवायचा. चार मणी झाले की ते गाव गेलं. आपल्या हाती औषधाच्या मोजक्या चकत्या आणि एक जीप. आम्ही तिघं होतो. मी, लेक आणि बँकेतून निवृत्त झालेले मानवतचे एक गृहस्थ. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काम येतं, माझ्या वाट्याला नर्स आली. लेक म्हणाली, आजीचंच काम की. तिला तू भिंतीवरच्या फोटोतली, पांढऱ्या साडीतली, तेवढीच माहीत. ती जन्मायच्या वर्षभर आधी तू गेलीस.

तासाभरानं माझ्या हातात एकच चकती उरली. दोन गावांत तीन-तीन मणी झालेले, एक सडकेलगतचं आणि एक नदीपलीकडचं. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, पलीकडचं सोडून द्या. ते तसंबी जायलंय. अलीकडचं धरलं तर पुढली चार वाचतेत." त्यांचं बरोबर होतं, मलाही तो हिशेब दिसत होता. चकती बोटांत धरून मी बसून राहिले. लेक म्हणाली, आई, टाक की. ते जोडपंही माझ्याकडं बघायला लागलं. मी चकती टेबलावर ठेवली आणि हात धुवायच्या नळापाशी जाऊन उभी राहिले.

मी नऊ वर्षांची आहे. जिंतूरकडचं ते खेडं, उपकेंद्राची एक खोली आणि तिच्या मागं आपली राहायची खोली. गावात हगवण-उलटीची साथ लागून चार दिवस झालेत. खाटा संपल्यात, शाळेतली सतरंजी आणून तिच्यावर माणसं निजवलीत. तू आपल्याच चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळतेस, मीठ-साखर घालून निववतेस आणि वाटीवाटीनं पाजत फिरतेस. ज्यांनी आपल्या घरचं पाणी आजवर तोंडाला लावलं नव्हतं, ते तुझ्या पातेल्यातलं मागून पितात. दुपारी मलाही उलट्या सुरू झाल्या. जीप चार जणांना घेऊन जिंतूरला गेली होती, येताना सलाईनच्या बाटल्या आणणार होती, आणि ओढ्याला पाणी आल्यानं पलीकडं अडकली होती. कपाटात एकच बाटली राहिली होती. ती तू मला लावलीस, खिडकीच्या गजाला टांगून.

त्यानंतर थोड्याच वेळानं ती बाई आली. मेंढ्या घेऊन गावाबाहेर उतरलेल्या धनगरांपैकी होती. खांद्यावर माझ्याच वयाची पोर. तू तिला माझ्या शेजारी सतरंजीवर निजवलंस, चमच्यानं पाणी घातलंस, ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. तिचे डोळे अर्धे उघडे होते, बोटं सुरकुतलेली. बाईनं वर टांगलेल्या बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती ओरडली नाही, पाया पडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, तुमची पोरगी बोलायलीय. माझी बोलंना झालीय."

जीप आली तेव्हा उन्हं कलली होती. ती पोर त्याआधीच गेली होती. बाईनं तिला जशी आणली तशीच खांद्यावर घेतली आणि पालाकडं निघून गेली. रजिस्टरात तू लिहिलंस, आणली तेव्हाच गंभीर. ते खोटं नव्हतं. पण लिहून झाल्यावर तू किती तरी वेळ टाक हातात धरून बसली होतीस.

त्या दिवसाबद्दल तू पुढं कधीच बोलली नाहीस, एकदा सोडून. आपली गंगाखेडला बदली झाली होती. मी आठवीत होते, गणितात नापास झाले, आणि स्वयंपाकघरात तुझ्यासमोर म्हणाले की मला नाही शिकायचं. तू भाकरी थापत होतीस. पिठाच्या हातानंच माझ्या थोबाडीत दिलीस आणि म्हणालीस, "तू काय उगं जगलीस का?" मग परातीत तोंड घालून रडलीस. दर हंगामात मेंढ्यांचे कळप आले की तू सुट्टीच्या दिवशीही लसीचा डबा घेऊन पालांवर जायचीस. घरी म्हणायचे, एवढं कशाला. तू चपला घालून निघायचीस.

नळापाशी लेक माझ्या मागं आली. काय झालं म्हणाली. मी तिला ती दुपार सांगितली, पहिल्यांदाच. मग माझा हात धरून म्हणाली, "आई, कोणतीही आई तेच करंल." मी मान हलवली. आम्ही परत गेलो तेव्हा पाळी उलटून गेली होती आणि दोन्ही गावं पटावरून काढलेली होती. त्या गृहस्थांनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता.

लेकीला मी जे सांगितलं ते अर्धं होतं. उरलेलं हे इथं लिहितेय. हे तिला दाखवणार नाही आणि तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. त्या बाईचं वाक्य ऐकून तू उठली होतीस, माय. तू नळीवरची चकरी फिरवून सलाईन बंद केलंस, माझ्या हातावरची चिकटपट्टी अर्धी सोडवलीस. तुझं ठरलं होतं. तेव्हा मी तुझं मनगट धरलं आणि म्हणाले, "माय, मला लय कसंतरी व्हायलंय." तू माझ्याकडं बघितलंस, पट्टी परत दाबून बसवलीस आणि चकरी उघडलीस. मग त्या बाईला म्हणालीस, जीप येईलच आता. पुढची सगळी वर्षं तू ते तुझंच पाप समजून वागवलंस, आणि मी वागवू दिलं.

तुझं मनगट धरलं तोवर मला बरं वाटायला लागलं होतं.