रांजणाला कान

चौसाळा, बुधवार संध्याकाळ

पन्नाशीला आलो, स्वमग्न मुलांना शिकवायची पदवी घेतोय. आज बीडच्या मॅडम माझा पाठ तपासायला आल्या. दुष्काळात बंद पडलेल्या दूध सोसायटीच्या खोलीत आमचा वर्ग. माझी विद्यार्थिनी कमल रोजच्यासारखी आधी पाण्याच्या रांजणाला कान लावून उभी राहिली. टँकर न आल्यानं रांजण कोरडा, तरी लावलाच. मग शांत बसून मणी ओवायला लागली.

मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, ती सवय आधी मोडा. नाहीतर तुम्हाला नापास करीन."

कमलची आई दारातूनच म्हणाली, "कावून मोडायची? कुणाचं काय घेती ती?"

खरंच, का म्हणून मोडायची? मी रोज आत शिरताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो. आज मॅडमसमोरही लावला. माझी सवय मोडा म्हणाल्या का?

करा नापास. उद्या मी उंबऱ्याला हात लावीन, कमल रांजणाला कान लावील, मग दोघं कामाला लागू.