डाव्या पायाची धार

प्रिय लॉर्न,

पार्सलमध्ये तुझे स्केट आहेत. पण ते लगेच पायात चढवू नकोस, आधी हे पत्र वाच. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलोय. बरणी पोस्टात फुटेल म्हणून आमच्या हिने, स्लावकाने, केलेलं बीटाचं लोणचं इथेच ठेवलंय. तू आलास तर मिळेल.

आम्ही मजेत आहोत. यंदा बटाटे चांगले आले. रविवारी चर्चमधून घरी येताना स्लावका म्हणाली, "आज प्रार्थनेत कोणाचं नाव घेतलंस ते मला ठाऊक आहे."  तिला सगळंच ठाऊक असतं.

मंगळवारी गिल्ख्रिस्ट माझ्या खोलीत आला. हॉकी टीमचा मॅनेजर खाली स्केटना धार लावायच्या यंत्रापाशी येतो तेव्हा त्याला काहीतरी नको ते काम करून हवं असतं. तुझी जर्सी माझ्यापुढे टाकून म्हणाला, "ओरेस्ट, छातीवरचं कॅप्टनचं अक्षर उसव आणि कोल्टनच्या जर्सीवर शिव." मी म्हटलं, "अकरा वर्षांची शिवण आहे साहेब, लगेच नाही निघायची." तर म्हणतो, "तो हट्टी, त्याची शिवणही हट्टी." पण जाताना दारात थांबला आणि विचारलं, "सोमवारी सराव सुरू होतोय. येईल का रे तो?" लॉर्न, तुला वाटतं तसा तो दगड नाही.

अक्षर मी उसवलं. ब्लेडने एकेक टाका काढला. खालचं कापड अजून कोऱ्यासारखं गर्द निळं आहे. कोल्टन समोरच बसला होता. म्हणाला, "म्हातारा अजून रुसलाय?" मी डोळे वटारले. तसा खाली बघत म्हणाला, "इतक्यात शिवू नका, ओरेस्टकाका. तो आला की त्याच्या हातून घेईन. नाहीतर सगळी टीम मला चोर म्हणेल." ते अक्षर माझ्या सुयांच्या डब्यात आहे.

परवा बाबांची आठवण झाली. आमच्या गावात शाळेच्या मागेच आमचा तबेला होता. बर्फातून लाकडं ओढायला दोन घोडे होते. नालाची झीज बघून बाबा सांगायचे, कोणता घोडा कोणत्या पायावर भार टाकत नाही ते. एका हिवाळ्यात म्हातारा बार्नी मागचा पाय चोरायला लागला. बाबांचा त्याच्यावर फार जीव. त्यांनी त्या नालाला बर्फ धरायला जास्तीचे खिळे ठोकले. घोडा पुन्हा जवानासारखा ओढू लागला आणि फेब्रुवारीत तळ्यावर आडवा झाला तो उठलाच नाही. त्यानंतर बाबा मला म्हणाले होते, "जनावराच्या पायाशी खोटं बोलू नये रे. त्याला उलट विचारता येत नाही." मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मान हलवली आणि विसरून गेलो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते सांगतो. मे महिन्यात तू गिल्ख्रिस्टच्या टेबलावर मूठ आपटून म्हणालास, "माझा डावा पाय दोन वर्षांपूर्वीपेक्षा बरा आहे, हवं तर ओरेस्टला विचारा!" त्याने मला विचारलं. तुझ्या डाव्या पात्याची बाहेरची कड दोन हिवाळे झिजतच नाहीये. तू त्या पायावर भार देत नाहीस. मला ते पहिल्या महिन्यातच कळलं होतं. तुला सांगायचं सोडून मी त्या पात्याच्या दोन कडांमधली पन्हळ दर आठवड्याला केसभर खोल करत गेलो. खोल पन्हळ बर्फाला आपोआप धरते. तू वळत राहिलास. तुला वाटलं, पाय सुधारला. पाय नव्हता सुधारला, लॉर्न. ती माझी धार होती. गिल्ख्रिस्टला मी हे सगळं सांगितलं, आणि तुझी खेळायची मिनिटं कमी झाली, तू रुसून गावी गेलास, ते त्यावरून. पाय बरा नाही असं तुला सांगताना तो खोटं बोलला नाही. दोन वर्षं मी बोललो, तुझ्या पायाशी. याची मला लाज वाटते. सांगितलं याची मात्र वाटत नाही. त्या दिवसापासून मला शांत झोप लागते. पार्सलमधल्या दोन्ही पात्यांना मी सारखी, उथळ धार लावली आहे, तू पहिल्यांदा आलास तेव्हा लावायचो तशीच. गावातल्या रिंकवर सकाळी कोणी नसताना जा. डावीकडे तीन वळणं घे आणि तुझा पाय काय म्हणतो ते त्याच्याच तोंडून ऐक. मग माझ्यावर रागाव, नाहीतर सोमवारी ये, नाहीतर दोन्ही कर. कपडे बदलायच्या खोलीतली तुझी खुंटी मी कोणाला दिलेली नाही.

तुझाच,
ओरेस्ट