तीन जूनची मोजणी

शनि. ३ जून २००६

आज सिंगापुरातल्या आमच्या तिन्ही मराठी वर्गांवर एकाच वेळी, बरोबर दहाला, मोजणी. मी हार्बरफ्रंटला होते: ३४. तोआ पायोह: २१. मग हौगांगचा वर्ग घेणाऱ्या मीनाकाकूंचा फोन. "नऊ."

पटावर तेवीस आहेत. पुन्हा विचारलं. नऊच.

"अगं, पोरं भारतात गेलीत. इथल्या शाळांना सुट्टी नाही का जूनभर!" काकू हसत होत्या. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं.

वरून येणारं अनुदान यंदा डोक्यांप्रमाणे वाटायचं. पटावरची नावं धरायची नाहीत, त्या दिवशी हजर असतील तीच मुलं धरायची, हा नियम समितीत मीच आणलेला. तारीखही माझी. बाराच्या खाली मुलं असतील तर वेगळा वर्ग मानत नाहीत, हा वरच्या ऑफिसचा. दोन्ही मिळून हौगांग गेलं.

जेवले नाही.

रवि. ४ जून

सकाळपासून तेच. गेल्या वर्षी हार्बरफ्रंटच्या पटावर भारतात परत गेलेल्या सहा मुलांची नावं तशीच होती, पैसे त्यांना जास्त गेले, हौगांगला पंखासुद्धा घेता आला नाही. ते मीच शोधून काढलं होतं. म्हणून नियम. हौगांगसाठीच.

हार्बरफ्रंटची बहुतेक मुलं भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत, त्यांची सुट्टी संपलेली. हौगांगची सगळी इथल्या शाळांत. हे मला माहीत असायला हवं होतं. मला मूल नाही, इथे येऊन दोनच वर्षं झाली, हे कारण होऊ शकत नाही. कुणालाही विचारता आलं असतं.

सोम. ५ जून

ऑफिसात लक्ष नाही. एकच ईमेल दोन वेळा गेली.

संध्याकाळी फोनकार्ड घेऊन साताऱ्याला बाबांना. मला दुसरीपर्यंत त्यांनीच घरी शिकवलं. अजून चूक झाली की आधी त्यांनाच सांगावंसं वाटतं. सगळं ऐकून म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा लावलास ना?"

"हो."

"मग झालं तर. रडतेस कशाला?"

सारखाच लावला. त्यांना कसं सांगू की सारखा लावला म्हणूनच हौगांग

कार्ड संपलं.

बुध. ७ जून

काकूंकडे गेले. सांगून टाकलं. त्या भाजी निवडत होत्या, हात थांबला नाही.

"एप्रिलमध्ये कागदावर सही घेतलीत माझी, त्यात तारीख होती?"

"होती."

"मी वाचलंच नाही गं. तू केलंयस म्हटल्यावर काय वाचायचं?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. डब्यात आमटी भरून दिली. घरी येऊन ती सिंकमध्ये ओतली, मग त्याचीही लाज वाटली.

रवि. ११ जून

समितीची बैठक, साठेकाकांच्या घरी. काका अध्यक्ष, बँकेतले, आवाज कधी चढत नाही. मी म्हटलं, जुलैत पुन्हा मोजू, चूक माझी आहे.

काका: "वरच्या ऑफिसला आकडे गुरुवारी द्यायचेत. उशीर झाला तर तिघांचेही पैसे जातील. चालेल?"

नाही चालणार.

तोआ पायोहचे देशपांडे: "आमची एकवीस आली त्याची आम्हाला शिक्षा का? आणि गेल्या वर्षी 'सबबी नकोत' कोण म्हणालं होतं? तूच ना, बाळा?" सगळे हसले. मीही हसले. का हसले?

काका म्हणाले, हौगांगच्या मुलांना हार्बरफ्रंटला घेऊ, एमआरटीची मेट्रो सरळ येते, अर्धा तास. काकू पहिल्यांदाच बोलल्या: "सहा वर्षांचं पोर एकटं पाठवाल, साठे? आमच्याकडच्या निम्म्या आयांना शनिवारी ड्यूटी असते." मग चहा आला.

गुरु. १५ जून

आकड्यांच्या तक्त्याखाली छापलेलं: 'वरील संख्या खरी आहे.' आहेच. नऊ खरे आहेत. सही केली, नेऊन दिला.

मग लंच-अवरमध्ये, कुणाला न सांगता, वरच्या ऑफिसला वेगळं पत्र. मोजणीची तारीख चुकली, चूक माझी, समितीची नाही, हौगांगचा हिस्सा पुन्हा तपासावा. पोस्टात टाकल्यावर भीती वाटायला लागली. यामुळे तिन्ही वर्गांचे पैसे अडकवले तर? देशपांड्यांची एकवीस मुलंही खरीच आहेत. एक चूक निस्तरायला दुसरी केली की काय.

शुक्र. २३ जून

उत्तर नाही. साठेकाका लिफ्टपाशी भेटले. "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं काम चोख होतं." पत्राचं सांगायला तोंड उघडलं, लिफ्ट आली.

रोज पत्रपेटी उघडते. पिझ्झाची जाहिरात.

बुध. २८ जून

हौगांगच्या खोलीचं भाडं जुलैपर्यंतच भरलंय. काकूंनी मालकाला नोटीस दिली. "आशेवर ठेवून काय करू त्याला?" पत्राबद्दल त्यांनाही बोलले नाही. आशेवर ठेवून

शनि. १ जुलै

पत्राचं उत्तर अजून नाही. हौगांगला गेले. सगळी परत आली आहेत. काळवंडलेली, नव्या वह्या, एकाच्या दातात अजून चिक्की. खोलीत बसायला जागा नाही, दोघं दाराशी.

काकू म्हणाल्या, "आज तू घे वर्ग. मला आयांना फोन करायचेत." म्हणजे बंद होत असल्याचे. बाहेर कठड्याशी उभ्या राहून एकेक नंबर लावत होत्या; त्यांचा आवाज आत येत होता, शब्द नाही.

मी बाराखडी घेतली. पोरं ओरडून म्हणत होती. मध्येच पहिल्या बाकावरच्या तन्वीने हात वर करून इथल्या पोरांच्या इंग्रजीत विचारलं, "टीचर, ऑगस्टमध्ये क्लास गॉट ऑर नॉट? माय मदर आस्किंग लाह."

"मराठीत विचार," मी म्हटलं. थोडा वेळ मिळावा म्हणून.

तिने नीट विचार केला. मग एकेक शब्द जुळवून विचारलं, "टीचर, ऑगस्टमध्ये आपला वर्ग आहे का?"

एकही चूक नव्हती. बाहेर काकूंचा आवाज थांबला होता. सगळी माझ्याकडे बघत होती.