डॅमसेलची कपार

मंगळवार, संध्याकाळ

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या निळ्या डॅमसेल मासोळीनं नव्या माशाची शेपटी आज पुन्हा फाडली. आल्यापासून तो उपाशीच, फिल्टरमागं दडलेला. कामरगावचं घर सोडून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तिचं घर हाय ते. कायले देईन ते दुसऱ्याले जागा?" पटलं. पण त्याला मरू द्यायचं का? शेवटी पाण्यात हात घालून सगळे दगड इकडचे तिकडे केले. तिची कपारच मोडली. मारामारी थांबली, नवा मासा बाहेर येऊन खाऊ लागला. डॅमसेल मात्र कपार शोधत कोपऱ्याकोपऱ्यांत फिरते आहे, दाण्याकडे बघतही नाही. बरं केलं की...? आत्ता सासूबाई काचेजवळ खुर्ची ओढून तिला समजावताहेत, "खाय वं माय. होते सवय."